बुद्धीची मक्तेदारी कोणाची?

दहावीचा निकाल लागला की आमच्या सीमाभागात दरवर्षी एक ठरावीक उद्गार कानी येतो: ‘मराठी शाळेतली पोरं ती, कुठवर जाणार?’ हा उद्गार कोणा परक्याच्या तोंडचा असता, तर त्याचा यथेच्छ समाचार घेऊन आम्ही मोकळे झालो असतो. दुर्दैव असे, की तो आमच्याच सुखवस्तू मराठी दिवाणखान्यांतून निघतो. एक नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत जे आमच्या खांद्याला खांदा लावून चालतात, त्यांच्याच मुखांतून निघतो. म्हणून आज घरच्यांनाच चार शब्द सुनावणे आम्हांस भाग आहे.

ही ‘पोरं’ आहेत तरी कोणाची? वडगाव-खासबागेतल्या विणकराची, उद्यमबागेत भट्टीसमोर घाम गाळणाऱ्या कामगाराची, खानापूरच्या रानातून पायपीट करीत शाळा गाठणाऱ्या शेतकऱ्याची. ज्या खोलीत माग खडखडतो, त्याच खोलीत विणकराच्या मुलाने गणिते सोडवायची. सुगी आली की शेतकऱ्याच्या मुलीने पाटी ठेवून विळा उचलायचा. उलट पैसेवाल्याच्या मुलास स्वतंत्र खोली, दोन-दोन शिकवण्या, शिकलेले आईबाप आणि दाराशी शाळेची बस! या दोघांना एका तराजूत घालायचे, आणि पारडे ज्या बाजूस झुकेल तिला ‘बुद्धी’ म्हणायचे, हा कोठला न्याय? जे विकत घेतले, त्याला उपजत म्हणण्याची ही चलाखी आहे.

ही चलाखी नवी नव्हे. रयतेच्या कष्टातून सरकारचा महसूल उभा राहतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरचे वर्ग उचलतात, हे गाऱ्हाणे जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे मांडले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 साली आणलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढल्याच वर्षी केंद्रीय कायदेमंडळाने फेटाळले. परंतु सयाजीरावांनी 1906 साली सबंध बडोदे संस्थानात, आणि शाहू छत्रपतींनी 1917 साली करवीरात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणून दाखविले. सत्ताधाऱ्याने मनावर घेतले, तर गरिबाच्या दारी शाळा येते, हे या दोन राजांनी सिद्ध केले आहे.

आजच्या राज्यकर्त्यांचे काय? ज्या 1956 साली आमच्यावर अन्याय लादला गेला, त्याच साली राज्यघटनेत 350-अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची पुरेशी सोय करणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा राखल्या. परंतु जवळपास सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेतली ती जागा मिळणार नाही, असा नियम कर्नाटक सरकारने 2019 साली लागू केला. बरे, मग ती सरकारी शाळा तरी सुधारा! श्रीमंतास कोणी विचारीत नाही, की शेजारी सरकारी शाळा असता तुम्ही दूर का जाता. माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली दिला. आम्ही तो मानतो. पण ज्याच्या खिशात फी नाही, त्याने निवडावे तरी काय?

येथे एक कटू सत्य सांगितलेच पाहिजे. सरकारने मराठी शाळेची उपेक्षा केली, हे खरे. परंतु तिला ‘गरिबांची शाळा’ ही अवकळा आणली ती तिच्याकडे पाठ फिरविणाऱ्या आमच्याच प्रतिष्ठितांनी. ज्यांच्या शब्दाला कचेरीत वजन आहे, त्यांची मुले ज्या शाळेत नाहीत, तिच्या गळक्या छपराची दाद कोण घेणार? सभेत मराठीचा जयजयकार आणि घरी मराठी शाळेची टिंगल, हा दुटप्पीपणा आता पुरे! आणि हेही लक्षात असू द्या, की शेजारच्या कन्नड शाळेतला हमालाचा मुलगा हीच हेटाळणी सोसतो आहे. आमचा लढा राज्यकर्त्यांच्या अरेरावीशी आहे, त्या पोराशी नाही.

मागणी आमची साधी आहे. प्रत्येक मराठी शाळेस पुरेसे शिक्षक द्या, ग्रंथालय द्या, आणि इंग्रजी उत्तम शिकविण्याची सोय करा, म्हणजे इंग्रजीच्या धाकाने कोणी मातृभाषा सोडणार नाही. हे कर्तव्य सरकारचे, आणि ते त्याच्या गळी उतरविल्यावाचून आम्ही राहणार नाही. परंतु तोवर हातावर हात धरून बसण्याचे कारण नाही. गल्लोगल्लीच्या मंडळांनो, गणपतीच्या वर्गणीतला एक वाटा सायंकाळच्या अभ्यासिकेस द्या. पदवीधरांनो, आठवड्यातले दोन तास तेथे बसा. आणि चळवळीच्या व्यासपीठावर मिरविणाऱ्यांनो, आपले मूल कोणत्या शाळेत जाते, हे एकदा जाहीरपणे सांगा!

सीमाभाग उद्या महाराष्ट्रात जाईल, ही आमची अढळ श्रद्धा आहे. परंतु तेथे जाताना विणकराचे पोर मागावरच राहणार असेल, तर आम्ही मिळविले तरी काय?