जिभेला न कळणारं पाणी

खारपाणपट्ट्यातल्या माणसाला पाणी पारखायला प्रयोगशाळा लागत नाही. चहा फाटला, डाळ शिजेना, हापशीच्या ओट्यावर पांढरा थर चढला, की झाली तपासणी. ‘पानी खारं हाय’ एवढ्या निकालावर दर्यापूर, भातकुलीपासून अकोट, तेल्हारा, बाळापूरपर्यंत पिढ्या निभावल्या. पूर्णा नदीकाठच्या गाळातलं हे मीठ फार जुनं आहे. त्याचा दोष कुणाच्या माथी मारता येत नाही.

पण या जिभेवर आता भरवसा ठेवू नका. नायट्रेटला ना चव, ना वास, ना रंग. उकिरडा, शोषखड्डा, पिकाला टाकलेला युरिया यांतून ते पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरतं. बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला त्याचा धोका सर्वांत जास्त. भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, आणि तिथे सवलत नाही. क्षारांना आहे: 500 पर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेतात. पाणी उकळून जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते दाटच होतं. खिशातला टीडीएस मीटरही ते वेगळं दाखवत नाही.

तपासणीची पद्धत आहे. जलसुरक्षक बाटली भरून नेतो. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, जैविक दोनदा. ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. खोट आहे ती अहवाल वाचण्यात. समजा, एका विहिरीचं नायट्रेट एका वर्षी 28, पुढच्या वर्षी 36, यंदा 43 निघालं. तिन्ही अहवालांवर शेरा एकच: पिण्यायोग्य. तिन्ही कागद तीन फायलींत. विहीर बिघडत चालली हे कळणार 46 आल्यावर, म्हणजे उकिरडा हलवायची वेळ टळून गेल्यावर.

‘आता धरणाचं पाणी आलं, विहिरी कशाला मोजायच्या?’ असं मला पुष्कळदा ऐकवलं जातं. शहानूर, वान, काटेपूर्णा धरणांच्या नळांनी मोठा आधार दिला, हे खरंच. पण वानचं पाणी बाळापूरच्या 69 गावांना द्यायचं की नाही, यावरून केवढं रण पेटलं! एप्रिल 2023 मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख या पाण्यासाठी खाऱ्या पाण्याचा टँकर घेऊन अकोल्याहून पायी नागपूरकडे निघाले होते. धरणाचं पाणी मोजकं, वाटेकरी फार. नळ आठवडाभर कोरडा राहिला की हंडा पुन्हा हापशीखालीच लागतो, आणि ज्याला परवडतं तो कॅन आणतो. त्या कॅनचा अहवाल कुणी पाहिलाय?

येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे गेल्या पाच वर्षांचे रासायनिक अहवाल मागा. प्रत्येक विहिरीचा, प्रत्येक हापशीचा नायट्रेटचा आकडा वर्षावार फळ्यावर लिहून घ्या. बंद पडलेल्या स्रोतांचासुद्धा.