मुलांचे इंग्रजी आणि आपली बैठक

आपल्या व्यापारी समाजात अलीकडे एक नवीच प्रथा रूढ झाली आहे. पाहुणे आले की चार-पाच वर्षांच्या मुलास बैठकीत उभे करावयाचे आणि "काकांना इंग्रजीत सांग बरे!" असा हुकूम सोडावयाचा. मूल अडखळले की वडील चूक काढतात, पाहुणे हसतात. पुढच्या खेपेस ते आईच्या पदरामागे लपते आणि मग घरात शिकवणीची चर्चा सुरू होते. माझ्या मते दोष मुलाच्या बुद्धीचा नसून या जाहीर परीक्षेचा आहे.

इंदुरातील आपले मूल घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि बाजारात माळवी ऐकते. णमोकार मंत्र तर ते बोबड्या बोलात प्राकृतातच म्हणते, आणि सारे घर आनंदते! त्यास व्याकरण कोणी शिकविले? लहानपणी ते 'केलं' न म्हणता 'करलं' म्हणते, तेव्हा आजी कौतुक करते. तेच मूल 'वेन्ट'च्या जागी 'गोएड' म्हणाले की आपल्या कपाळास आठी पडते. वस्तुतः दोन्ही ठिकाणी मुलाने नियम अचूक हेरलेला असतो. अपवाद तेवढा कानी पडावयाचा असतो. अशा वेळी टोकू नये. शुद्ध रूप आपल्या बोलण्यात सहज आणून पुढे जावे.

काही घरांतून तर इंग्रजीसाठी मराठीच बंद करण्यात येत आहे. हे मला मुळीच पटत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही, शक्य तेथे, किमान पाचवीपर्यंत घरची भाषा वा मातृभाषा हेच माध्यम असावे, असे म्हटले आहे.

"आम्हांस इंग्रजी येत नाही, आम्ही काय करणार?" असे पुष्कळ भगिनी विचारतात. मीही मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. तर्खडकरांच्या पाठमालेतील वाक्ये घोकली, पण बोलण्याचा धीर आला तो दुकानी, दक्षिणेकडील दलालांचे टेलिफोन घेताना. त्यांना भावाशी काम होते, माझ्या व्याकरणाशी नव्हे.

मुलाने रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचावे. आईने भाजी निवडता निवडता ऐकावे आणि अर्थ मराठीत विचारावा. आईला समजावून सांगण्यात मुलास केवढी ऐट वाटते! वडिलांनी सुटीच्या दिवशी त्यास दुकानी आणावे आणि पोत्यांवरील नाव, वजन, तारीख वाचावयास लावावी. तेथे चुकले तरी हमाल काही त्यास हसत नाहीत.