मुलाला-मुलीला कॅमेरा घेऊन देताना

बारावी झालेला मुलगा किंवा मुलगी एके दिवशी घरात सांगते, ‘मला कॅमेरा घ्यायचाय, लग्नाच्या ऑर्डरी घेईन.’ मग घरात दोन तट पडतात. आईला वाटते, पोरगं काहीतरी करू म्हणतंय तर करू द्यावं. वडिलांच्या डोळ्यांपुढे पतपेढीचा हप्ता उभा राहतो. दोघांचेही बरोबर असते. म्हणून आज या विषयाचा हिशेब आपण पाटीवर मांडल्यासारखा मांडून पाहू.

आधी बाजाराची स्थिती समजून घ्या. ज्याला डीएसएलआर म्हणतात, त्या कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे आरसा असतो आणि आपण त्या आरशातून समोरचे दृश्य पाहतो. आता कंपन्या बिनआरशाच्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर एकही नवे डीएसएलआर मॉडेल काढलेले नाही. हे ऐकून कोणी म्हणेल, मग जुना माल कशाला घ्यायचा? माझे मत उलट आहे. मोठे स्टुडिओवाले आपले जुने सामान विकून नवे घेत आहेत, त्यामुळे चांगल्या वस्तू आपल्या आवाक्यात आल्या आहेत. लग्नघरच्या मंडळींना फोटोत आरसा दिसत नाही, माणसे दिसतात.

मात्र पैसा कशावर घालायचा, इथे बहुतेक घरे फसतात. दुकानदार चकचकीत बॉडी पुढे करतो, सोबत एक साधी लेन्स, एक बॅग आणि एक कार्ड ‘फुकट’ देतो, आणि फ्लॅशचे नावही काढत नाही. वाणिज्य शाखेत आम्हाला घसारा नावाचा धडा होता. यंत्राची किंमत दरवर्षी खाली येते, ती हिशेबात धरावी लागते. कॅमेऱ्याच्या बॉडीला हा घसारा फार वेगाने लागतो, चांगल्या लेन्सला फार कमी. शिवाय उद्या मिररलेस घेतला तरी कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून त्यावर चालतात, फोकसही आपोआप होतो. म्हणून हातात जे काही पैसे असतील त्यातले निम्म्याहून जास्त बॉडीवर घालू नयेत. उरलेल्यात लेन्स आणि फ्लॅश बसलेच पाहिजेत. बसत नसतील तर बॉडी आणखी जुनी घ्या.

कर्जाचेही पाहा. समजा ६० हजार कर्ज काढले आणि १२ हप्ते पडले, तर महिना ५ हजार झाले. आपल्याकडे मुहूर्ताची भानगड नाही, तरीसुद्धा लग्ने होतात ती मुख्यतः उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतरच, कारण शाळेला सुट्टी, गावाकडचे लोक मोकळे आणि पाऊस नाही. हप्ता मात्र श्रावणातही भरावा लागतो. ‘शून्य टक्के व्याज’ लिहिलेल्या कागदावर प्रोसेसिंग फी किती आहे, तीही चष्मा लावून वाचा.

सेकंडहॅण्ड बॉडी घेताना शटर किती वेळा उडाले आहे ते विचारायचे. निकॉनच्या डी ३५०० सारख्या कॅमेऱ्याचे शटर १ लाख खटक्यांसाठी तपासलेले असते. त्यानंतर ते बंदच पडते असे नाही, पण भरवसा कमी होतो. एका लग्नात २ हजार खटके सहज उडतात, म्हणजे ५० लग्नांत लाख पुरे. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेला असतो, मोबाइलवरही वाचता येतो. कॅननच्या बहुतेक मॉडेलांत तो फाइलमध्ये नसतो, कॅमेरा संगणकाला जोडून पाहावा लागतो. विकणारा टाळाटाळ करू लागला तर उठून यावे. मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकाने ओळीने आहेत, चार ठिकाणी विचारायला कोणी पैसे घेत नाही. बिल मात्र घ्याच.

आता लेन्स. बॉडीसोबत येणारी १८-५५ची लेन्स टाकाऊ नाही. दहा बाय दहाच्या खोलीत हळद चालू असते, पाठ भिंतीला टेकलेली असते, तेव्हा १८ च्या बाजूनेच सगळे मावते. पण ती पुढे ५५ वर ओढली की तिचे तोंड एफ ५.६ पर्यंतच उघडते. याउलट ५० मिलिमीटरची एफ १.८ ची साधी लेन्स जवळजवळ दहापट उजेड आत घेते. कंपनीच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी ही एक आहे. मंडपातल्या मिणमिणत्या दिव्यातही चेहरा स्वच्छ येतो. या दोन लेन्सवर पहिले वर्ष निघते. पुढे कमाई झाली की १७-५० ची एफ २.८ लेन्स घ्यावी, ती दोघींचे काम करते.

इथे दोन खड्डे आहेत, ते दाखवून ठेवतो. निकॉनच्या डी ३५००, डी ५६०० या बॉडींत फोकसची मोटर नसते. मोटर लेन्समध्ये असावी लागते. त्यामुळे स्वस्त मिळाली म्हणून जुनी ‘डी’ जातीची ५० ची लेन्स आणाल तर ती हाताने फिरवत बसावे लागेल, आणि तोवर हार घालून झालेला असेल. लेन्सवर ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिलेले आहे ना, ते पाहा. डी ७२००, डी ७५०० यांत मोटर आहे. दुसरा खड्डा कॅननचा. १५०० डी, ३००० डी आणि २०० डी मार्क टू या मॉडेलांच्या डोक्यावर फ्लॅश बसतो तिथली मधली टाचणीच कंपनीने काढून टाकली आहे. बाजारातले स्वस्त साधे फ्लॅश त्या टाचणीवरच पेटतात. म्हणून फ्लॅश घ्यायला जाताना आपली बॉडी बरोबर न्या, दुकानातच बसवा, उडवून पाहा, मगच पैसे मोजा.

वडिलांचा किंवा काकांचा रिळाच्या काळातला जुना फ्लॅश माळ्यावर असेल तर तो आजच्या कॅमेऱ्यावर चढवू नका. त्यातल्या काहींचा दाब इतका जास्त असतो की कॅमेऱ्यातले सर्किट जळू शकते.

फ्लॅश म्हणजे केवळ अंधारातला दिवा नव्हे. तो तोंडावर सरळ मारला की कपाळ चकाकते, नाकाची सावली पडते आणि मागच्या भिंतीवर काळे भूत उभे राहते. मान फिरणारा फ्लॅश घेऊन तो पांढऱ्या छताकडे मारा. उजेड छतावरून खाली पसरून येतो. चाळीतल्या, वसाहतीतल्या बुटक्या खोल्यांना याबाबतीत मोठ्या हॉलपेक्षा चांगला गुण आहे! हॉलचे छत उंच असेल तर आयएसओ ८०० किंवा १६०० ठेवावा. मंडपाचे कापड गुलाबी किंवा निळे असेल तर मात्र वर मारू नका, नवरी गुलाबी होईल. तिथे फ्लॅश स्टॅण्डवर बाजूला उभा करून पांढऱ्या छत्रीतून मारावा. स्टॅण्डच्या पायाशी वीट ठेवावी, पोरे धावत असतात. आणि शटर १/२०० च्या पुढे नेऊ नये, नाहीतर फोटोत आडवा काळा पट्टा येतो.

आता खरी गोष्ट, जी मला कुठल्याही माहितीपत्रकात मिळाली नाही. आपल्या मंगल परिणयात नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या कपड्यांत, मंचावर पांढरी चादर, आणि बहुतेकांचे चेहरे सावळे. कॅमेऱ्याचा मेंदू समोर दिसेल ते सगळे मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो. एवढे पांढरे दिसले की तो घाबरून उजेड कमी करतो. साडी राखाडी होते आणि चेहरा कोळशासारखा. लोक म्हणतात, आमचा फोटोच चांगला येत नाही. फोटो का येणार नाही? यंत्राला सांगावे लागते. प्लस-मायनसचे बटण दाबून चाक फिरवायचे आणि उजेड पाऊण ते एक घर वाढवायचा. फ्लॅशचा प्लस वेगळा असतो, तोही तितकाच चढवायचा. मग साडीची किनार पांढरीफटक होत नाही ना, हे पडद्यावर पाहायचे, आणि फोटो रॉमध्ये काढायचे, म्हणजे नंतर सुधारायला जागा राहते.

हा प्रकार नवा नाही. रिळाच्या जमान्यात कोडॅकसारख्या कंपन्यांच्या रंग जुळवण्याच्या कार्डावर गोऱ्या बाईचा फोटो असे. ‘शर्ली कार्ड’ म्हणत त्याला. तिची कातडी बरोबर आली म्हणजे रंग बरोबर, असा तो हिशेब. सावळ्या माणसांची गणती त्यात नव्हतीच.

आणि आज काही अल्बमवाले याच्या उलट टोकाला जातात. संगणकावर बसून नवरीला पिठासारखी पांढरी करून देतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात. आपल्या मुलांनी हे काम घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. चेहरा उजळ यावा, पण तो तिचाच असावा. आजीने अल्बम उघडला तर नात ओळखू आली पाहिजे.

मंचावरची आणखी एक अडचण. मागे बाबासाहेबांची तसबीर असते, तिला काच असते. समोरून फ्लॅश मारला की नेमका बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर पांढरा डाग पडतो. विधीपूर्वीच जाऊन पाहावे, तसबीर वरून थोडी पुढे झुकवता येते का ते विचारावे. नाहीतर आपण दोन पावले बाजूला सरून तिरपे उभे राहावे. ग्रुप फोटोत पुढची रांग उजळ आणि मागची अंधारात जाते, कारण अंतर दुप्पट झाले की उजेड चौथा हिस्सा उरतो. तिथे फ्लॅश मागे न्यावा, दोन्ही रांगांतला फरक कमी होतो.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत जाणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. डीजेच्या गाडीवर लेझरचे किरण सोडत असतील तर कॅमेरा तिकडे रोखू नका. सेन्सरवर किरण पडला तर कायमची रेघ उमटते. आणि डीएसएलआरच्या खिडकीतून पाहत असाल तर तोच किरण आरशावरून थेट तुमच्या डोळ्यात जातो. कॅमेरा दुसरा मिळेल.

पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते. मुंबई-कोकणात तर हमखास. जुनी लेन्स घेताना आतून मोबाइलची बॅटरी मारून पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर घेऊ नका. घरी घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि दर आठवड्याला कॅमेरा बाहेर काढून दहा खटके मारा. फ्लॅशसाठी चार्ज होणाऱ्या पेन्सिल सेलचे दोन जोड असावेत, एक फ्लॅशमध्ये, एक खिशात. आणि लग्नावरून आल्यावर कितीही दमले असले तरी त्याच रात्री कार्ड दोन ठिकाणी उतरवून घ्यायला सांगा. साध्या बॉडीत कार्ड एकच असते, आणि अल्बम ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत ते पुसायचे नाही.