बटणाचं काम सांगा, मगच विका

विजेच्या दुकानात जाऊन 'एक बटण द्या' म्हणणं म्हणजे औषधाच्या दुकानात जाऊन 'एक गोळी द्या' म्हणणं. औषधवाला निदान विचारतो, कसली गोळी? विजेच्या दुकानात तेवढंही कोणी विचारत नाही. नगर जिल्ह्यात अकोल्यापासून जामखेडपर्यंत कुठल्याही बाजारपेठेत उभे राहा आणि गिऱ्हाईक काय मागतं ते ऐका. छोटं बटण, मोठं बटण, पियानो, मॉड्युलर, मेन स्विच. दिसण्यावरून ठेवलेली नावं, आकारावरून ठेवलेली नावं. बटण कोणती तार तोडतं, किती करंट सोसतं आणि कुणाचा जीव वाचवतं, हे त्यातल्या एकाही नावावरून कळत नाही. ही नावं निरुपयोगी आहेतच, पण माझं म्हणणं त्यापुढचं आहे. ही नावं धोकादायक आहेत.

'मोठं बटण' घ्या. जुन्या बोर्डावर गिझरचं, पंपाचं बटण खरोखरच मोठं असायचं. आता मॉड्युलर पट्टीत 6 अँपिअरचं आणि 16 अँपिअरचं बटण एकाच मापात मिळतं. दोन हजार वॅटचा गिझर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो. तो 6 अँपिअरच्या बटणावर चालवला की आतला संपर्क तापतो, प्लास्टिक पिवळं पडतं, मग काळं पडतं. पुढं काय होतं ते सांगायला नको. आकडा बटणावर छापलेला असतो, पण बटण बोर्डात बसलं की तो दिसत नाही. मागतानाच 'सोळाचं द्या' असं म्हटलं तर प्रश्न मिटतो. पण आम्ही अजून 'मोठं'च मागतो आणि दुकानदार हाताला येईल ते देतो.

दुसरं नाव 'डीपी'. आमच्या शिवारात डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. 'डीपी जळाली' एवढे दोन शब्द आले की उसाचं पाणी थांबलं हे गावाला कळतं. घर बांधणाऱ्यासाठी डीपी म्हणजे भिंतीतला पत्र्याचा डबा. आणि स्विचच्या खोक्यावर डीपी म्हणजे डबल पोल, फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकदम तोडणारा. एका नावाखाली तीन वस्तू, आणि घरातल्या माणसाचा जीव जिच्यावर अवलंबून आहे त्या तिसऱ्या वस्तूची बहुतेकांना ओळखच नाही.

साधं बटण एकच तार तोडतं. ती तार फेजचीच असली पाहिजे. भारतीय विद्युत नियम, 1956 मधला 32 वा नियम हेच सांगत होता: एकट्या न्यूट्रलमध्ये स्विच किंवा फ्यूज घालायचा नाही, घालायचाच तर दोन्ही तारा एकदम तोडणारा घाला. नेवासा तालुक्यातल्या एका नव्या घरात मी स्वतः पाहिलं. खोलीचं बटण बंद, दिवा विझलेला. होल्डरमध्ये टेस्टर लावला तर तो पेटला. वायरमननं बटण न्यूट्रलवर घेतलं होतं. घरातली बाई स्टुलावर चढून तोच बल्ब बदलणार होती. तिला विचारलं, तर म्हणाली, 'बटण बंद केलंय की.' तिचं काय चुकलं? बटण बंद म्हणजे वीज बंद, असंच तिला आयुष्यभर सांगितलं गेलं. एक तार तोडणारं आणि दोन्ही तारा तोडणारं, अशी दोन निराळी बटणं असतात हे तिला कोणीच सांगितलं नाही.

सगळ्यात घातक नाव 'मेन स्विच'. फ्यूजचा जुना डबा, आयसोलेटर, एमसीबी, आरसीसीबी, सगळ्यांना हे एकच नाव. 'एमसीबी बसवलाय, आता शॉकची भीती नाही,' हे वाक्य मी शिकल्यासवरल्या घरांतही ऐकलंय. हे वाक्य धडधडीत खोटं आहे. एमसीबी तार वाचवतो, माणूस नव्हे. जादा भार आला किंवा शॉर्टसर्किट झालं तरच तो पडतो. माणसाच्या अंगातून जाणारा 30 मिलिअँपिअर करंट हृदय बंद पाडू शकतो. 6 अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी तो दोनशेवा हिस्सा, म्हणजे काहीच नाही. माणूस चिकटून मेला तरी एमसीबी वरच राहतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. फेजवरून गेलेला आणि न्यूट्रलवरून परतलेला करंट तो सतत ताडून पाहतो आणि फरक पडला की तोडतो. घरासाठी 30 मिलिअँपिअरचा घ्यायचा असतो. दुकानात त्याला अजून 'ईएलसीबी' म्हणतात, जे एका जुन्या, निराळ्या यंत्राचं नाव आहे. आणि जो माणूस 'शॉक लागला की पडणारं द्या' म्हणून येतो, त्याच्या हातात स्वस्तातला एमसीबी ठेवला जातो. ही अज्ञानातून झालेली फसवणूक असेल, पण फसवणूकच आहे.

शेतावरचा 'ऑटो' याच माळेतला. रात्री-अपरात्री थ्री फेज येते, म्हणून वीज आली की मोटर आपोआप चालू करणारा स्विच बसवतात. एकाच वेळी शिवारातल्या सगळ्या मोटरी उठतात, ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो, आणि विहिरीवर हात घातलेल्या माणसाला कोणताही इशारा मिळत नाही. 'ऑटो' या गुळगुळीत नावात हा धोका कुठं दिसतो?

चांगली नावं ठेवता येत नाहीत असं कोणी सांगू नये. आयटीआयमध्ये तारतंत्री आणि वीजतंत्रीच्या मुलांना सर्किटं शिकवतात ती जिना वायरिंग, गोदाम वायरिंग, बोगदा वायरिंग म्हणूनच. नाव ऐकताच काम कळतं. स्विचची पाळी आली की मात्र वन-वे, टू-वे, इंटरमीडिएट. त्यात मोबाइलवरचे अमेरिकन व्हिडिओ पाहून शिकलेला पोरगा येतो. तिकडं जिन्याच्या त्याच टू-वे स्विचला थ्री-वे म्हणतात, कारण ते टोकं मोजतात. आपण इंग्रजांच्या रीतीनं वाटा मोजतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या प्रमाणात स्विचच्या या प्रकारांना क्रमांक दिलेत: एकेरी तो 1, डबल पोल 2, जिन्याचा 6, मधला 7. जगाला ही अडचण कळली होती. आपल्या बाजारपेठेला कळलेली नाही.

आणि हे कोणत्या जिल्ह्यात? नगरच्या एमआयडीसीत एल अँड टीनं वर्षानुवर्षं स्विचगिअर बनवलं. 2020 साली तो व्यवसाय श्नायडरकडे गेला. आमच्या पोरांनी तिथं पाळ्या केल्या. देशभर माल पाठवणाऱ्या जिल्ह्यातल्या घरात स्विचची साधी ओळख नसावी, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. भाषा संचालनालय 1960 पासून परिभाषा घडवतंय. कोशातले शब्द कपाटात राहिले आणि काउंटरवर 'मोठं बटण'च विकलं गेलं.

मला संस्कृत प्रतिशब्द नकोत. 'जिन्याचं बटण', 'दोन्ही तारा तोडणारं', 'भार वाढला की पडणारं', 'करंट गळला की पडणारं', एवढी नावं पुरेत. प्रत्येक दुकानदारानं ती काउंटरवर लिहून लावावीत. आयटीआयनं ती परीक्षेत विचारावीत. महावितरणनं ती बिलाच्या पाठीवर छापावीत. आणि वाचकहो, पुढच्या वेळी दुकानात जाल तेव्हा विचारा: हे बटण किती अँपिअरचं, कोणती तार तोडतं, आणि माणसाला वाचवतं की फक्त तारेला? उत्तर मिळालं नाही तर पैसे खिशात ठेवा आणि दुसऱ्या दुकानात जा.