परसबाग : घरच्या हिशेबातील विसरलेला धंदा

व्यापार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दुकान, गल्ला आणि उधारीची वही उभी राहते. घरामागची चार हात जागा कोणी धंद्यात धरत नाही. पैनगंगेकाठच्या आमच्या मेहकरात जुन्या घरांना अजून अंगण आणि परस आहे, नव्या घरांना गच्ची आहे. पण त्या जागेत काय असते? फुटक्या विटा, मोडकी खाट आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. त्याच घरातला माणूस रोज सकाळी मेथीची जुडी आणि दहा रुपयांचा सांभार विकत आणतो. ही उलटी रीत बदलली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रथम हिशेब पाहू. एखादे कुटुंब भाजीवर रोज ४० रुपये खर्च करीत असेल तर महिन्याचे १,२०० रुपये होतात. परसबागेने यातला निम्मा भार उचलला आणि उन्हाळ्याचे चार महिने सोडून दिले, तरी आठ महिन्यांत ४,८०० रुपये घरात राहतात. खिशातून न गेलेला पैसा हाही नफाच होय. तो कमावण्यासाठी ना दुकानाचे भाडे लागते, ना कर्ज.

दुसरा हिशेब रुपयांत होत नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. मोनोक्रोटोफॉससारखे औषध भाज्यांवर वापरण्यास आपल्या देशात २००५ पासून मनाई आहे. तरीही बाजारातली भेंडी हातात घेऊन तिच्यावर काय फवारले गेले हे कोणी सांगू शकत नाही. आपल्या मुलांच्या ताटातली निदान पालेभाजी तरी आपल्या माहितीतली असावी, एवढेच आमचे म्हणणे.

यासाठी मोठी जागा लागते, हा गैरसमज आहे. गणिताचे प्राध्यापक श्रीपाद दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून थोड्या जागेत, पालापाचोळा आणि सूर्यप्रकाश यांच्या बळावर किती पिकवता येते हे महाराष्ट्राला दाखवून दिले. १९९१ नंतर सोव्हिएत संघाकडून येणारे तेल व खत बंद झाले, तेव्हा क्यूबातील हवाना शहराच्या लोकांनी रिकाम्या जागांत सेंद्रिय पद्धतीने भाजी पिकवून वेळ निभावली. गरज त्यांना शिकवून गेली. आपण गरज पडण्याआधी शिकावे.

सुरुवात मातीपासून करावी. आपली काळी माती कसदार खरी, पण ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. कुंडीत नुसती काळी माती भरली तर मुळे कुजतात. म्हणून एक भाग माती, एक भाग कुजलेले खत आणि एक भाग रेती किंवा जुना भुसा असे मिश्रण करावे. डब्याच्या तळाला भोके ठेवावीत. तेलाचा रिकामा डबा, फुटका माठ, सिमेंटचे पोते, काहीही चालते. जागा मात्र अशी निवडावी की दिवसाचे पाच-सहा तास ऊन मिळेल.

खत विकत घेण्याची गरज नाही. आपल्या मोहल्ल्यांत घरोघरी बकऱ्या आहेत आणि त्यांच्या लेंड्या उकिरड्यावर जातात. लेंडीखत भाजीला उत्तम. फक्त ते ताजे न टाकता दोन-तीन महिने कुजवून टाकावे. स्वयंपाकघरातील सालींचा एक थर आणि त्यावर वाळलेल्या पानांचा तिप्पट थर, असे रचत गेले की वास येत नाही आणि अडीच-तीन महिन्यांत काळे भुसभुशीत खत हाती येते.

पावसाळ्यात दोडका, कारले, गवार, चवळी, भेंडी आणि अंबाडी लावावी. हिवाळ्यात मेथी, पालक, सांभार, टमाटे आणि वांगी. मेथी महिनाभरात काढणीला येते, म्हणून नवशिक्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी. शेवगा आणि कढीपत्ता एकदा लावला की वर्षानुवर्षे देतो. बियाणे शक्यतो गावरान घ्यावे, कारण त्याचे बी पुढच्या वर्षी वापरता येते. संकरित बियाणे दर वर्षी विकत घ्यावे लागते.

कीड येणारच, त्याने घाबरू नये. जून-जुलैत कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वाळवून ठेवाव्यात. ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळच्या वेळी फवारली की मावा व तुडतुडे आटोक्यात राहतात. कडेला झेंडूची चार रोपे लावावीत.

खरी अडचण पाण्याची आहे आणि ती आम्ही लपवणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत जिथे पिण्याच्या पाण्याची चिंता असते तिथे बाग कोणी सांगावी? पण भाजी-तांदूळ धुतलेले पाणी मोरीत जाते ते बागेला जाऊ शकते. आळ्यात सोयाबीनचे कुटार अंथरले तर ओल टिकते. कडक उन्हाळ्यात फक्त झाडे जगवावीत आणि वाफे विसाव्याला टाकावेत. बाग बारमाही हिरवी दिसलीच पाहिजे, हा हट्ट धरू नये.

आता व्यापाराचा मुद्दा. कोणी म्हणेल, घरोघरी भाजी पिकली तर आमच्या बागवान बांधवांच्या गाड्यांचे काय? बागवान या शब्दाचा अर्थच बाग राखणारा. पिकवण्याचे काम मागे पडले आणि हाती फक्त विकण्याचे राहिले. कांदा, बटाटा, फळे लोक गाडीवरूनच घेणार. पण त्याच गाडीवर टमाट्या-वांग्यांची रोपे, गावरान बियाणे आणि किलोच्या पिशवीत लेंडीखत ठेवले, तर नवा माल मिळतो. रोपे तयार करण्याचे काम घरातील भगिनी पडद्याच्या आत राहूनही करू शकतात.

एक इशारा मात्र देणे आम्ही कर्तव्य समजतो. सेंद्रिय या शब्दाला आज चढा भाव आहे, म्हणून बाजारची भाजी घरची म्हणून विकण्याचा मोह होईल. पाकिटावर सेंद्रिय असे छापून विकण्यासाठी २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत. शेतकऱ्यांचे गट एकमेकांच्या शेताची पाहणी करून प्रमाणपत्र मिळवू शकतात. गल्लीतल्या गिऱ्हाइकाला मात्र कागद नको, खरे बोलणे हवे. ज्या भाजीवर औषध फवारले तिच्याबद्दल तसे सांगावे. एकदा खोटे उघडे पडले की त्या गाडीवरची खरी भाजीही कोणी घेत नाही आणि धंद्यातली बरकत जाते.

यास्तव आमची वाचकांना विनंती आहे : दहा डब्यांपेक्षा जास्त आरंभी घेऊ नका. वही करा. किती खर्चले, किती पिकले, किती शेजाऱ्याला दिले, सारे लिहा. वर्षअखेर ती वही आमच्या म्हणण्याचा निकाल देईल.