टाकाऊ कोणाचे?

विमाने आणि जहाजे यांना खनिज तेलापासून सोडविणे हे मोटारीला सोडविण्याइतके सोपे नाही. दूरच्या उड्डाणाला पुरेल एवढी वीज साठविणारी बॅटरी इतकी जड होते की, ती वाहून नेणे विमानाला आज तरी शक्य नाही. म्हणून शेतीतील टाकाऊ मालापासून द्रवरूप इंधन बनविण्याकडे जगाचे लक्ष लागले आहे. युरोपीय संघाने २०२५ पासून विमानाच्या इंधनात २ टक्के पर्यायी इंधन मिसळणे सक्तीचे केले. भारत सरकारने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ साली १ टक्का आणि २०३० साली ५ टक्के असे लक्ष्य ठरविले आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनेही २०२३ साली, जहाजांचे निव्वळ उत्सर्जन २०५० च्या सुमारास शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. या दिशेचे समाजवाद्यांनी स्वागतच केले पाहिजे. कारण बिघडलेल्या पावसाचा पहिला तडाखा कोरडवाहू शेतकऱ्यालाच बसतो.

परंतु ‘टाकाऊ’ हा शब्द निरागस नाही. बाजाराने ज्याची किंमत मोजलेली नाही, ते सारेच या सदरात ढकलले जाते. विदर्भातील पऱ्हाटी हे गरिबाच्या चुलीचे सरपण आहे. ज्वारीचा कडबा हा गुरांचा चारा आहे. उसाचे पाचट शेतात कुजविले तर जमिनीचा कस टिकतो. वाढे ही ऊसतोड मजुराच्या बैलांची वैरण असते आणि विकली तर त्याची मीठमिरची भागते. नियोजन मंडळाच्या समितीने २००३ साली मोगली एरंडाच्या लागवडीचा पुरस्कार केला, तेव्हा ‘पडीक’ जमिनीचा असाच हिशेब मांडला गेला होता. तेथे शेळ्या चारणाऱ्या भूमिहीनाच्या लेखी ती जमीन पडीक नव्हती.

यावर असे म्हटले जाईल की, शेतकऱ्याला चार पैसे अधिक मिळत असतील तर आक्षेप कशाला? आक्षेप विक्रीला नाही. मात्र पऱ्हाटी विकून पैसा मिळतो तो जमीनमालकाला आणि सरपण जाते ते भूमिहीन बाईचे. लाभ एकाचा आणि तोटा दुसऱ्याचा, अशा व्यवहाराची नुसती बेरीज करून त्याला प्रगती म्हणणे हे अप्रामाणिक अर्थशास्त्र होय.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. जमीन, गुरे आणि चूल यांची गरज भागल्यावर जे उरेल तेवढेच कारखान्याकडे जावे. गोळा करण्याचे काम ठेकेदाराकडे न जाता मजुरांच्या सहकारी संस्थांकडे यावे. वाढ्यांवरील ऊसतोड मजुराचा हक्क लेखी मान्य व्हावा. इंधनाच्या उत्पन्नातही वाटा ठरावा. रंगराजन समितीने २०१२ साली साखर आणि तिची उपउत्पादने यांच्या उत्पन्नातील ७० टक्के वाटा ऊस-उत्पादकाला देण्याची शिफारस केली होती. तेच तत्त्व येथे लागू करून ते मजुरापर्यंत नेले पाहिजे.

कारखाने उभे राहून करार झाल्यावर हे हक्क मागणे फार अवघड होईल. गावोगावी कोणत्या ‘टाकाऊ’ वस्तूवर कोणाचा संसार चालतो, याची नोंद करण्याचे काम कार्यकर्त्यांनी आजच हाती घेतले पाहिजे.