फियाटच्या दाराची फट

शेजारच्या मावशींची जुनी फियाट आम्ही तिघे म्हातारे मिळून दुरुस्त करायला बसलो आहोत, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. भेटेल तो विचारतो, "काय, झाली का गाडी?" नाही झाली. उलट मध्ये आम्हीच ती बिघडवली होती. आज तेच सांगतो, लपवून काय मिळणार!

गाडी आहे फियाट ११०० डी. इटलीत ही १९६२ ते १९६६ या काळात बनली. मुंबईकरांना हिची ओळख करून द्यायला नको. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून हीच गाडी 'डिलाइट' नावाने निघू लागली आणि पुढे तिचीच पद्मिनी झाली. मुलांनो, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. तुमचे आजोबा तिच्यात बसून किती वेळा स्टेशनावर गेले, ते विचारा त्यांना.

मावशींचे यजमान गेल्यापासून गाडी शेडमध्ये उभी होती. मावशींचं म्हणणं एवढंच, की नातवाच्या लग्नाला ह्याच गाडीतून जायचं. लग्न उन्हाळ्यात आहे.

आता फट म्हणजे काय? दार आणि शेजारचा पत्रा यांच्यामध्ये जी रेघ दिसते ती. ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी, साधारण चार-पाच मिलिमीटर. एकीकडे बारीक आणि दुसरीकडे रुंद झाली की दार घासतं, पाणी आत येतं, आणि रंग कितीही चांगला मारा, गाडी वाकडीच दिसते.

आम्ही काय केलं, तर दाराखालची लांब पट्टी गंजून चाळणी झाली होती, ती कापून नवी बसवायला घेतली. गाडी पुढे आणि मागे स्टँडवर चढवली, दारं काढून भिंतीला लावली, आणि कापलं. नवा पत्रा वेल्डिंग करून टाकला. खूप खूश होतो. दारं परत चढवली, तर पुढचं दार वरच्या कोपऱ्यात अडकायला लागलं! वर फट तीन मिलिमीटर आणि खाली आठ. त्याच वेळी मावशी चहा घेऊन आल्या. त्यांनी दार ओढून पाहिलं, काही बोलल्या नाहीत, कप ठेवून गेल्या. त्या दिवशी चहा कोणाच्याच घशाखाली उतरला नाही.

चूक कुठे झाली ते नानांनी सांगितलं. नाना भायखळ्याच्या एका गॅरेजात डेंटिंगचं काम केलेले. या गाडीला खाली वेगळी चासी नसते, सगळा भार पत्र्याच्या खोक्यावरच. दाराखालची पट्टी हा त्या खोक्याचा कणा. दोन टोकांना आधार देऊन मधला कणा कापला की गाडी मधे खाली बसते, आणि दाराचे खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात. चपलांच्या खोक्याची एक बाजू कापून दोन टोकांना धरा, मुलांनो, लगेच कळेल. कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या आडव्या जोडून ठेवायच्या असतात. नानांना हे माहीत होतं. "मग बोलला का नाहीत?" आम्ही विचारलं. "तुम्ही विचारलं कुठे!" हेही खरंच.

मग केलेलं वेल्डिंग परत कापलं. मधोमध लाकडी फळी घालून जॅकने हळूहळू उचललं, अगदी थोडं, की फट मोजा, पुन्हा थोडं. फट वर-खाली सारखी झाल्यावर चौकटीत पट्ट्या जोडल्या आणि पत्रा पुन्हा जोडला. या वेळी एका जागी सलग वेल्डिंग नाही, इथे एक टाका, तिथे एक टाका, कारण एका जागी फार तापलं की पत्रा ओढला जातो. दोन शुक्रवार गेले यातच.

दारांचा क्रमही नानांनीच शिकवला. चार दारी गाडीत आधी मागचं दार लावायचं, कारण त्याच्या मागचा पत्रा हलत नाही. मग मागच्या दाराशी पुढचं जुळवायचं, पुढच्याशी मडगार्ड, आणि बॉनेट सर्वांत शेवटी. आम्ही मोठ्या उत्साहाने बॉनेटपासून सुरू करणार होतो! त्याआधी बिजागऱ्या बघायच्या. दार अर्धं उघडून टोकाला हाताने उचलायचं. खडखडलं तर पिन झिजली, ती बदला, नाहीतर आज जुळवलेलं दार उद्या खाली लोंबतं. आमच्या दोन पिना गेल्या होत्या.

मोजायला नानांनी काय काढलं असेल? आर्टिकच्या काड्या. दोन काड्या एकावर एक ठेवल्या की जवळजवळ चार मिलिमीटर. मुलं त्या फटीतून फिरवत गेली आणि जिथे अडकल्या तिथे खडूने खूण केली. तिथे कानशीने पत्रा घासायचा, अगदी जपून. जिथे काड्या सैल पडल्या तिथे दाराच्या कडेवर वेल्डिंगचा बारीक थर चढवून घासून काढायचा. पुट्टी भरू नये. कडेवरची पुट्टी दोन-चारदा दार आपटलं की निघून येते, मग रंगासकट जाते. पुट्टीने फट झाकणाऱ्या माणसाला नाना "हलवाई" म्हणतात.

आणखी एक. रबर बसवूनच फट तपासा. नवं रबर जाड असतं, दार बाहेर ढकलतं. ते आम्हाला रंगाच्या आधी समजलं, नशीब. रंगाचेही थर असतात, म्हणून फट अगदी नेमकी न ठेवता केसभर मोकळी ठेवावी.

नव्या गाडीसारखी सुरीने कापलेली रेघ मात्र आम्हाला नको आहे. कारखान्यातून निघाली तेव्हाही ती तशी नव्हती, हातोडीने जुळवलेली होती. मागच्या डाव्या दाराखाली अजून सहा मिलिमीटर आहे. ते तसंच ठेवणार आहोत.

परवा मावशी आल्या, पुढचं दार उघडलं, आणि जोर न लावता बंद केलं. टक्! पुन्हा उघडलं, पुन्हा बंद केलं. मग नानांना म्हणाल्या, "चहा आणते." या वेळी आम्ही तो गरम असतानाच प्यायलो. आता डिकी बाकी आहे. ती अजून एका बाजूने वर राहते.